चार नंबरचं दार

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा फिटर दर मे महिन्यात कंपनीच्या पाचगणीच्या हॉलिडे होममधली चार नंबरचीच खोली मागायचा. तिच्या पायरीवर त्याची बायको हातात काही काम न घेता बसायची. ते बघायला तो वर्षभर थांबायचा.

एका वर्षी वेल्फेअर ऑफिसरांनी त्याला नव्या इमारतीतली, दरीचं दृश्य असलेली खोली भाषणासकट देऊ केली. हा घाबरला.

"साहेब, चारचं दार घासतं. माझ्याबिगर कुणाला जमायचं न्हाई."

चार नंबरच मिळाली. दाराची कड घासायला पिशवीत कानस घालून तो गेला आणि टवटवीत होऊन परतला.

"दार कायमचं का नीट करत नाही?" मी विचारलं.

त्यानं मागंपुढं पाहिलं. "राव, मग पुढच्या साली कुठल्या तोंडानं मागू?"