तेल पिणारी गाडी

आमच्या सासरची, म्हणजे प्रभूंची, गाडी पेट्रोलवर कमी आणि तेलावर जास्त चालते, असं सगळी फणसवाडी म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती. माझं माहेर परळचं. तिथे गाडी म्हणजे एक तर डॉक्टरांची, नाही तर वरातीची. मुलीच्या सासरी घरची गाडी आहे म्हणून आईने चार ठिकाणी मिरवून घेतलं होतं. ती गाडी मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा गाडी दिसलीच नाही, नुसता निळा धूर दिसला. धुरातून मामंजींचा खोकला ऐकू आला, म्हणून गाडी आत कुठेतरी असणार एवढं कळलं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. एका वकिलाच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून जन्म घालवून निवृत्त झालेले, काळी टोपी घातल्याशिवाय गाडीत न बसणारे. गाडी विलायती, कुणा साहेबाने जाताना विकलेली. तिच्यावर त्यांचा जीव होता हे खरं, पण गाडी ठेवण्याचं कारण वेगळं होतं. ते कारण म्हणजे सासूबाईंचा गुरुवार.

माझ्या लग्नाच्या आधी जिन्यात पाय घसरून सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण त्यांचा धीर काही जुळला नाही. घरात भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत जायच्या, त्यापलीकडे एक पाऊल नाही. दादरला त्यांची थोरली बहीण होती, विधवा, अंथरुणाला खिळलेली. दर गुरुवारी सासूबाई तिच्याकडे जायच्या. माझे मोठे दीर आणि आमचे हे, दोघे भाऊ मिळून त्यांना खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावरून खाली आणायचे आणि उचलून गाडीत ठेवायचे. ट्राम तर शक्यच नव्हती. टॅक्सीचं नाव काढलं की म्हणायच्या, "परक्या माणसासमोर मला पोत्यासारखी आत ढकलणार? मी नाही जायची." म्हणजे गाडी गेली की दादर गेलं, आणि बहीणही गेली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि ती गाडी तर दिवसेंदिवस जास्तच धूर ओकायला लागली होती. चिंचपोकळीला एका मालवणी मेकॅनिकचा छोटा कारखाना होता, तिथे मामंजींनी ती दाखवली. त्याने आवाज ऐकला आणि सांगितलं, "इंजिन म्हातारा झाला हा. आतल्या रिंगो झिजल्यो, त्यो विलायतेसून येवक व्हयत. तवसर रोज सकाळी एक पेलो तेल पाजा आणि देवाचा नाव घेवन चलवा." आमच्या घरात डॉक्टरने सांगितलेला डोस कधी चुकायचा नाही. मामंजी रोज सकाळी पूजा आटोपली की सोवळं सोडून खाली जायचे आणि एक छोटं फुलपात्र तेल इंजिनात ओतून यायचे. तेल मोजायची दांडी काढून बघायची असते हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण औषध पाजताना कुणी पोट उघडून बघतं का?

एवढं पाजूनही धूर वाढतच गेला. गाडी सुरू झाली की तळमजल्यावरच्या काकू ओरडायच्या, "बायांनो, वाळवणं आत घ्या गं, प्रभूंचा अश्रुधूर सुटला!" त्या दिवसांत अश्रुधूर हा शब्द पोरासोरांच्या तोंडी होता. आम्हीही हसून घ्यायचो. मला तर तेव्हा सगळ्याचंच हसू यायचं, नवी नवरी होते.

मग लालबागचा तो गुरुवार आला. दादरला निघालो होतो, मामंजी गाडी चालवत होते, शेजारी दोघे भाऊ, मागे सासूबाई आणि मी. नाक्यावर नुकतीच एक सभा सुटली होती, रस्ता माणसांनी भरलेला, कडेला पोलिसांची लॉरी. गाडी थांबवावी लागली. इंजिन बंद पडू नये म्हणून मामंजींनी पायाने जोर दिला, आणि मागून असा काही लोट सुटला की बोलायची सोय नाही. कुणीतरी ओरडलं, "सोडला रे, सोडला! पळा!" क्षणात धावपळ. लोकांनी डोळ्यांवर रुमाल धरले. पोलिसही एकमेकांकडे बघत राहिले, कारण त्यांनी काहीच सोडलं नव्हतं.

शेवटी एका गिरणी कामगाराने खिडकीतून डोकावून आत पाहिलं. नऊवारीतल्या सासूबाई, मांडीवर बहिणीसाठी केलेल्या सांदणांचा डबा. तो म्हणाला, "आजी, तुम्ही नक्की कुनाच्या बाजूच्या?"

"मी संयुक्त महाराष्ट्राचीच रे बाबा," सासूबाई म्हणाल्या, "ही गाडी तेवढी सरकारच्या बाजूची आहे."

सगळा नाका हसला. चारजणांनी गाडी ढकलून गर्दीतून बाहेर काढून दिली. मामंजी मात्र हसले नाहीत. त्या पळापळीत एक म्हातारा पडला होता आणि त्याचा गुडघा फुटला होता, ते त्यांनी पाहिलं होतं. घरी आल्यावर टोपी खुंटीला अडकवून ते म्हणाले, "माझ्या गाडीपायी रस्त्यात माणूस पडला. आता पुरे. ठाकूरद्वारचा एकजण गाडी मागतोच आहे. महिनाअखेर देऊन टाकायची."

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "द्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कोळंबी सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "सासूबाई, तुम्ही 'नको' का म्हणत नाही?" त्या कोळंबीकडेच बघत म्हणाल्या, "बरंच झालं गं. माझ्यापायी तीन पुरुषांचा गुरुवार फुकट जातो. मला उचलून उचलून पोरांच्या कमरा गेल्या. तोंडाने नाही बोलत कुणी, पण माणसाला समजतं." मला फार वाईट वाटलं. पण त्या घरात तोंडाने न बोलण्याची रीतच होती, आणि ती रीत खुद्द सासूबाईंनीच घातलेली. हाताने केलेलं तोंडाने सांगू नये, सांगितलं की त्याचं पुण्य जातं, असं त्या मुलांना लहानपणापासून शिकवत आल्या होत्या. मुलंही इतकी आज्ञाधारक निघाली की बायकोसाठी गजरा आणला तरी गुपचूप कोनाड्यात ठेवून मोकळी व्हायची.

त्याच आठवड्यात बंद पुकारला गेला. गिरगावात दुकानं बंद, ट्राम बंद, कचेऱ्या बंद. पुरुषमंडळी घरात, आणि पुरुष घरात असले की बायकांना दर घटकेला चहा टाकावा लागतो. कंटाळून मी गॅलरीत जाऊन तांदूळ निवडत बसले. खाली गाडी उभी होती. त्या दिवशी ती कुठे जाणार नव्हती, कारण कुणाचीच गाडी कुठे जाणार नव्हती.

पूजा झाल्यावर मामंजी खाली आले, बॉनेट उघडलं, फुलपात्रभर तेल ओतलं आणि वर गेले. रोजचंच. थोड्या वेळाने मोठे दीर आले. इकडेतिकडे पाहिलं, डिकीतून डबा काढला, बॉनेट उघडलं आणि फुलपात्रभर तेल ओतलं. मी तांदूळ निवडायची थांबले. जेवणं झाली. "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून आमचे हे खाली उतरले, आणि पाय मोकळे करण्याऐवजी त्यांनीही बॉनेट उघडलं.

सूप तिथेच टाकून मी आत धावले आणि सासूबाईंच्या कानाशी लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि चहाच्या वेळी तिघांना समोर बसवून विचारलं, "आज गाडीला तेल कोणी घातलं?"

तिघेही गप्प. पुण्य जाईल ना!

"बोला. सुनेने गॅलरीतून पाहिलंय."

"मी तर रोजच घालतो," मामंजी म्हणाले.

मोठे दीर बशीकडे बघत म्हणाले, "मीही घालतो. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, मला वाटलं विसरत असतील. धूर वाढायला लागला तेव्हा खात्रीच झाली."

"मलाही तसंच वाटलं," आमचे हे म्हणाले.

"मी विसरतो? मी?" मामंजी कडाडले. "अरे गाढवांनो, म्हणून ती धूर ओकते! माणसाला तीन घरची जेवणं वाढलीत तर तो ओकणार नाही?"

मग सगळे खाली. आमच्या ह्यांनी गाडीखाली शिरून तळाचा नट सैल केला आणि खाली सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ लावलं. घंगाळ भरलं. तपेलं आणलं, तेही भरत आलं. वाडीतली झाडून सारी माणसं बघायला जमली, आणि वरून सासूबाई ओरडत होत्या, "माझं घंगाळ! त्यात आंघोळीचं पाणी काढतात रे!" दांडीच्या खुणेपर्यंत तेल आल्यावर मामंजींनी गाडी सुरू केली. धूर आला, पण बिडीएवढा. तळमजल्यावरच्या काकूंनी टाळ्या वाजवल्या. मामंजींनी काळी टोपी सारखी केली आणि ठाकूरद्वारच्या माणसाला नको म्हणून कळवायचं ठरवलं.

आम्ही हसत हसत वर आलो. सासूबाई हसत नव्हत्या. त्यांनी थोरल्या मुलाला विचारलं, "पण तू कशाला घालत होतास? तुला गाडीचं एवढं काय?"

"गाडीचं काही नाही गं," तो सरळपणे म्हणाला. "ती बंद पडली तर तू मावशीकडे जाणार कशी?"

"आणि तू?"

"तेच," आमचे हे म्हणाले.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मला वाटायचं, तुम्ही मला उचलून कंटाळलात," त्या म्हणाल्या. मामंजी खिडकीकडे वळून बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मी दाराशी उभी राहून रडत होते, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही. माझं मत विचाराल तर केलेलं थोडं बोलून दाखवावं. पुण्य जातं ते जाऊ दे.

पुढच्या गुरुवारी खुर्ची खाली आणली, तशी सासूबाई म्हणाल्या, "गाडीत नको. पुढे ठेवा, बॉनेटपाशी. यापुढे तेल कोणी घालायचं नाही. घालायचं की नाही ते मी बघणार." मामंजींनी बॉनेट उघडलं. पण खुर्चीत बसून दांडीपर्यंत हात पोचेना. मोठे दीर दांडी काढून द्यायला पुढे झाले, तर त्यांना म्हणाल्या, "हो बाजूला." मग मडगार्डचा आधार घेऊन त्या उठल्या. आमच्यापैकी कुणी हात पुढे केला नाही. करावा की करू नये, तेच सुचेना. त्यांनी दांडी काढली, फडक्याने पुसली, परत घातली, काढली आणि उजेडात धरून नीट बघितली.

"आज नको," त्या म्हणाल्या. दांडी जागेवर बसवली, आणि गाडीला हात लावत लावत, बॉनेटपासून मागच्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जाऊन आत बसल्या.