५८,८२,३५३ आणि काळबांडे सर

मी अमरावतीच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी गाडी लावताना मागून आवाज आला, "बाई, तुमची गाडी सातानं भागल्या जाते." पाटीवर ४०८१ होते. "अकरानंही जाते," असे अदबीने सांगून ते गृहस्थ वर्गाकडे वळले. मूळचे अकोल्याचे, आमच्या शाळेचे गणिताचे शिक्षक देवराव काळबांडे सर यांची ही पहिली ओळख.

निवृत्तीनंतरही सर दर रविवारी मुलांना मोफत शिकवतात. त्यांची एक पद्धत आहे. फळ्यावर एक मोठी संख्या मांडायची आणि तिला कदाचित भाग जाईल अशा लहान अविभाज्य संख्या मुलांत वाटून द्यायच्या. भाग गेला नाही, बाकी उरली, की मुलाने "उरली!" असे ओरडायचे. भाग न गेल्याचा एवढा आनंद मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

यंदा एका रविवारी मी सहज जाऊन बसले. फळ्यावर ५८,८२,३५३ होते आणि शेजारी सरांच्या अक्षरात 'अविभाज्य'. मुलांनी ते पडताळायचे होते. चांदूर बाजारहून एसटीने येणारी पल्लवी माझी विद्यार्थिनी. आजचा शेवटचा रविवार, यापुढे गणित सोडणार, असे तिने मला दारातच सांगितले होते. तिच्या वाट्याला ६१ आला. ती हळूच म्हणाली, "सर, बाकी शून्य आली."

"सर, तिले भागाकारच येत नाही!" मागून एकजण. सगळे हसले.

"ते संख्येले विचारू. तू काहून सांगून राहिला?" सर उठले आणि त्यांनी फळ्यावरचा 'अविभाज्य' पुसून टाकला. "हिचं शून्य खोटं ठरत नाही, तोवर माह्या शब्दाले इथं जागा नाही."

मी आपला शब्द इतक्या सहज पुसला असता का, असे अजून मनात येते.

पल्लवीने पुन्हा भागाकार मांडला. शेवटचा ३ खाली उतरवताना तिने २ लिहिला होता. आता १२३ मधून १२२ गेले. "एक... उरली!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की तिचे तिलाच हसू आले. सरांनी खडू तिच्या हाती दिला. 'अविभाज्य' तिने लिहिले.

मग सरांनी त्या संख्येचे दोन तुकडे केले, ५८८ आणि २३५३. दोघांचे वर्ग मुलांकडूनच करवून घेतले आणि बेरीज मांडायला लावली. उत्तर आले ५८,८२,३५३. मी वहीत पुन्हा बेरीज करून पाहिली, तीच आली.

"सर, असं काहून?" पल्लवीने कारण विचारले.

"ते आज नाही सांगत. पुढच्या रविवारी येशीन?"

ती आली. एसटीतून उतरून थेट पहिल्या बाकावर.

सर आता पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत. पल्लवीचे 'काहून' तिचे तिला उलगडेल तेव्हा ते ऐकायला, आणि लगेच तिला त्याहून अवघड 'काहून' विचारायला, सर पुष्कळ वर्षे असेच ठणठणीत फळ्यापाशी उभे असोत.