पडद्याआडच्या फोटोवाल्या काकू

फोटोवाल्या काकूंना फोटोची हौस अशी कधीच नव्हती. खरे फोटोवाले त्यांचे यजमान. काकू दुकानामागच्या दोन खोल्यांत संसार करायच्या, फार तर गिऱ्हाईकाला कंगवा आणि आरसा आणून द्यायच्या. पण सरकारनं ओळखपत्रावर फोटो सक्तीचा केला, तोही पूर्ण उघड्या चेहऱ्याचा, आणि काकूंच्या आयुष्याला भलतंच वळण लागलं.

वस्तीत बुरखा घेणाऱ्या बायका पुष्कळ. त्या नवऱ्याबरोबर, भावाबरोबर दुकानाच्या पायरीपर्यंत यायच्या, कॅमेऱ्यामागे पुरुष उभा दिसला की तिथूनच परत फिरायच्या. यजमान आधी वैतागले. "मी काय चेहरा खाणार आहे का कुणाचा?" असं म्हणाले खरे, पण माणूस समजूतदार. त्यांनी खोलीच्या मधोमध दोरी बांधून जाड निळा पडदा सोडला, स्टुलावर उशी उभी केली, तिच्यावर कॅमेरा नेमका लावला आणि बायकोला बजावलं, "उशीच्या जागी बाई बसव आणि हे बटण दाब. बाकी कशाला हात लावू नकोस!"

काकूंनी खरंच कशाला हात लावला नाही. उंच बाई बसो की बुटकी, कॅमेरा आपला उशीच्या उंचीवर. रोल धुवायची वेळ आली तेव्हा तर आणखी पंचाईत. चेहरे यजमानांनी बघायचे नाहीत, म्हणजे रोलही काकूंनीच धुवायला हवा. तेव्हा आपल्याच डार्करूमच्या दाराबाहेर उभं राहून ते बिचारे ओरडत होते, "आता दुसऱ्या ट्रेमध्ये टाक! अगं, हलव जरा!" फोटो निघाले तेव्हा कुणाची नुसती हनुवटी आली होती, कुणाचा नुसता भांग. बायकांना परत बोलावून दाखवले, तर त्या रागवायच्या सोडून पोट धरधरून हसल्या. एक म्हणाली, "काकू, भांग चालेल का सरकारला? माझा भांग चांगला आहे."

त्या हसण्यानं काकूंची भीड चेपली. पुढं त्या कॅमेरा खालीवर करायला शिकल्या, उजेड कुठून घ्यायचा ते शिकल्या, आणि बघता बघता पडद्याआडचा धंदा पडद्याबाहेरच्या धंद्यापेक्षा जोरात चालू लागला. यजमान बाकावर बसून वाट बघणाऱ्या नवऱ्यांशी गप्पा मारायचे आणि मधूनमधून तक्रार करायचे, "दुकान माझं, कॅमेरा माझा, आणि बंदी मलाच!" आत नकाब वर व्हायचे. सरकारी कार्डावरच्या एवढ्याशा फोटोसाठी कुणी काजळ घालून यायची, कुणी नवीन कानातले. एकदा सासूसून बरोबर आल्या, तर सासूनं सुनेच्या आधी आरसा पटकावला तो सोडीचना. काकू फोटो स्वतः कापायच्या, पाकिटात घालून स्वतः चिकटवायच्या आणि निगेटिव्ह जिची तिच्या हातात द्यायच्या. त्या बाबतीत त्यांनी सख्ख्या नवऱ्याचीही गय केली नाही.

ते दिवस फार चांगले होते. यजमान गेले, मग एकेका ऑफिसनं स्वतःचे कॅमेरे बसवले, मग काकूंचे हात थरथरायला लागले आणि दुकानाची फळी कायमची लागली. तरी सकाळची कामं उरकली की काकू पायरीवर येऊन बसायच्या. जाणाऱ्या बायका थांबायच्या. "काकू, ओळखलं का?" नकाबाआडून प्रश्न यायचा, आणि काकू आवाजावरून, चालीवरून ओळखायच्या. चेहरा आठवायचा तो पडद्याआडचाच. दुसरा त्यांनी पाहिलेला नसायचा.

शिवणकाम करणाऱ्या बाई तर जवळजवळ रोजच्या. कापडाच्या दुकानाकडे जाताना पायरीशी टेकायच्या. "एकदा घरी या ना ताई," असं दोघी एकमेकींना वर्षानुवर्षं म्हणत आल्या आणि एकदाही कुणी कुणाकडे गेलं नाही. पायरीवर सगळं बोलून व्हायचं, मग घरी कशाला जायचं?

एका सकाळी त्या बाई पिशवी मांडीवर घेऊनच टेकल्या. मग म्हणाल्या, "पोरीला दिवस गेलेत ते सांगितलं होतं ना. डॉक्टरांनी अंथरुणावरून उठू नका म्हणून सांगितलंय. परक्या मुलखात एकटी पडलीय. जावई कामावर जाणार की तिच्याजवळ बसणार? रोज फोनवर रडते, आई ये म्हणून."

"मग जा की. अडलंय कुठं?"

"पासपोर्ट नाही. ऑफिसात गेले तर म्हणतात, फोटो इथंच मशीनवर निघणार. मशीनवर बसलाय पुरुष. फोटो काढणारी बाई पुढच्या महिन्यात येणार म्हणे. तोवर पोरीचं काय होईल?"

"अहो, पण पासपोर्ट काय, विमानतळावरही दहा पुरुष बघणारच की तो फोटो."

"बघू देत. ते माझ्या हातात नाही. पण समोर पुरुष बसलाय आणि मी आपल्या हातानं नकाब वर करतेय, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही, ताई. दोनदा खुर्चीत बसले आणि दोनदा उठून आले."

काकूंनी चपला घातल्या.

ऑफिसातला मशीनवाला तरुण होता आणि स्वभावानं गरीब. "काकू, मी तोंड फिरवून बसतो म्हटलं, पण मग बटण कोण दाबणार?" साहेब मात्र नियमाचे पक्के. "बटण कर्मचाऱ्यानंच दाबायचं. तुम्ही कोण यांच्या? काही ओळख?"

त्यांना हवं होतं ओळखपत्र. काकू म्हणाल्या, "ओळख? तीस वर्षांची आहे."

मशीनवाला खाली मान घालून हसला. काकूंचा पारा चढला. त्यांनी साहेबांना सुनावलं की यांच्या पहिल्या कार्डावरचा फोटो मीच काढलाय, तो सरकारला चाललाय, आणि तिकडे एक पोर अंथरुणाला खिळून आईची वाट बघतेय. "नियम तुमच्याजवळच ठेवा, मी काही तो घरी नेत नाही. मला फक्त बटण दाबू द्या." आवाज एवढा चढला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मी चहाला जाऊन येतो," असं कुणाकडेही न बघता म्हणाले आणि खरोखरच गेले.

कोपऱ्यातलं सामान झाकायचं फडकं मशीनभोवती टांगलं गेलं. मशीनवाला बाहेर पाठ करून उभा राहिला. "काकू, स्क्रीनवर हिरवी चौकट आली की दाबा. घाई करू नका." पडद्यापलीकडून असा शिकवणारा आवाज किती वर्षांनी ऐकला!

बाईंनी नकाब वर केला. काकू बघतच राहिल्या. काळ्याभोर केसांची, भरल्या गालांची ती तरुण बाई कुठं गेली? समोर बसली होती एक दमलेली, सुरकुतलेली, पांढऱ्या भुवयांची म्हातारी. इतकी वर्षं पायरीवर बसून काकू त्या तरुण चेहऱ्याशीच बोलत आल्या होत्या. तो म्हातारा होईल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"एवढी बदललेय का मी?" बाईंनी हळूच विचारलं.

काकूंनी पुढं होऊन त्यांच्या कपाळावरची ओढणी सारखी केली.

"तुमचा एकेक केस पिकताना मी पाहिलाय, ताई. रोज थोडाथोडा. मला तुम्ही एकदम बघताय, म्हणून असं वाटतंय." आणि त्यांनी काकूंचा थरथरता हात उचलून माऊसवर ठेवला. "दाबा आता. पोर वाट बघतेय."

हिरवी चौकट आली. काकूंनी बटण दाबलं, मशीन टिंग करून वाजलं.

"आला, आला! घेतला मशीननं," बाहेरून मशीनवाला ओरडला. "पासपोर्टही लवकर मिळेल, प्रवासाचं कारण टाकतो."

बाई नकाब खाली घ्यायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. स्क्रीनवरचा फोटो त्यांच्या बाजूनं दिसत नव्हता.

"कसा आलाय हो?"

काकूंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"आजीसारखा आलाय," त्या म्हणाल्या.