जाड व्हायच्या गोळ्या

आमच्या वेळी डी.फार्म. झालेल्या मुलीला सासरी मोठा मान असे, कारण तिचं सर्टिफिकेट भाड्यानं देता यायचं. मुलगी घरात पोळ्या लाटायची आणि सर्टिफिकेट कुणाच्या तरी मेडिकलमध्ये फ्रेममध्ये बसून नोकरी करायचं. औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट हजर पाहिजे, असा कायदा आहे. तो भिंतीवर हजर असला तरी चालतो, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. मलाही तशा मागण्या आल्या. मी म्हटलं, सर्टिफिकेट जाईल तिथं मी जाणार. नवरा ओझरच्या कारखान्यात होता. त्यानं माझ्यापुढे हात टेकले आणि नव्वदीच्या शेवटी शेवटी मखमलाबाद रोडला एका गाळ्यात मी माझं मेडिकल टाकलं.

गाळा ज्यांचा, ते कुटुंब वरच राहायचं. मागे त्यांचा मळा होता, गुलाब, शेवंती, मेथी, कोथिंबीर. काका पहाटेच माल घेऊन मार्केटला जायचे आणि बाकीचा सगळा कारभार काकूंच्या हातात. काकू मनानं मोकळ्या. मळ्यातली कोवळी मेथी वर त्यांच्या स्वयंपाकघरात जायच्या आधी माझ्या काउंटरवर यायची.

माझे नियम मात्र लोकांना जाचायचे. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक नाही. पूर्ण कोर्स लिहिला असेल तर दोन गोळ्या कापून देणार नाही. मी जेवायला गेले की शटर खाली. गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, "ताई, तुम्ही दुकान चालवता का शाळा?" पण तेच गिऱ्हाईक आईचं बीपी मोजायला माझ्याकडेच यायचं, आणि इन्शुलिन कसं टोचायचं तेही मलाच विचारायचं. ड्रग इन्स्पेक्टर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी सवयीनं विचारलं, "फार्मासिस्ट कुठंयत?" मी म्हटलं, "मीच." त्यांनी भिंतीवरचा माझा फोटो पाहिला, मला पाहिलं आणि पुन्हा एकदा फोटो पाहिला. मला हसू आवरेना.

एका दिवाळीनंतर काकू खाली आल्या. आज हातात मेथी नव्हती.

"ताई, पोरीला दोन ठिकाणाहून नकार आला. पोरगी लय वाळकी हे, म्हणतात. त्या जाड व्हायच्या गोळ्या दे बरं."

या गोळ्या आमच्या भागात सगळ्यांना माहीत होत्या. पाहण्याच्या कार्यक्रमाआधी मुली घ्यायच्या, मुलगेही घ्यायचे. खरं तर ते स्टेरॉइड. दमा उसळला, अंगावर भयंकर काही उठलं, तर डॉक्टर देतात. महिनाभरात गाल भरतात, भूक सुटते, घरचे खूश होतात. ते अंग कसलं, नुसती सूज. आणि आत शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं काम विसरून जातं. मी काकूंना हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, "काकू, चिठ्ठीशिवाय मी नाही देणार. तुम्हाला तर नाहीच नाही."

"तिकडं नाक्यावर बिनबोभाट देतात."

"देत असतील. तुम्ही घेऊ नका."

काकूंचा चेहरा उतरला, मग पारा चढला. "गाळा आमचा अन् आम्हालाच नाय म्हणती," एवढं बोलून त्या जिना चढल्या. भाडेकराराची मुदत संपत आली होती. नवरा म्हणाला, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मी म्हटलं, असू दे.

पोरगी हळूहळू गोल होऊ लागली. शेजारणी म्हणायच्या, "काय तब्येत सुधारली गं!" मला मात्र तो सुजून चंद्रासारखा झालेला चेहरा आणि खाली तसेच काटकुळे हात दिसायचे. एकदा जिन्यात तिला गाठून विचारलं, तर म्हणाली, "आई ताकदीच्या गोळ्या देते, मॅडम." मी पुन्हा वर जाऊन काकूंशी बोलले. दार जोरात लागलं. नंतर होळीच्या सुमारास मुलीला चांगलं स्थळ आलं, पसंती झाली, सुपारी फुटली. पेढे मात्र खाली आले. मी खाल्ले आणि वैशाखातली लग्नाची तारीख ऐकून घेतली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भर दुपारी पोरगी ग्लुकोज पावडर घ्यायला आली आणि काउंटरला धरून उभी राहिली. ओठ पांढरे. म्हणाली, सकाळपासून उलट्या होताहेत, डोळ्यांपुढे अंधारी येते, आई म्हणते ऊन लागलं. मी तिला स्टुलावर बसवून बीपी घेतलं. फार खाली होतं. माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला.

"त्या गोळ्या चालू आहेत ना?"

"नाही. सुपारी फुटली त्या दिवशीच आईनं बंद केल्या. म्हणाली, आता काय करायच्यात."

हीच ती चूक. आमच्याकडे गोळ्या सुपारीसाठी सुरू व्हायच्या आणि सुपारी फुटली की बंद व्हायच्या. शरीराला कोण विचारतो! इतके महिने बाहेरून मिळत होतं ते अचानक तोडलं, आणि आतलं तर केव्हाच झोपी गेलेलं. अशानं माणूस जातो. मी शटर ओढलं, समोरची रिक्षा थांबवली आणि वर हाक मारली. काकू धावत खाली आल्या.

"काकू, डॉक्टरकडे चला. गोळ्या एकदम तोडल्यात म्हणून हे झालंय. आत्ता परत सुरू कराव्या लागणार."

"आधी म्हणत होतीस, देऊ नका. आता म्हणती, द्या. तुझं एक काय ते ठरव की बाई!"

रागावू की रडू, मला कळेना. बाई चुकीचं बोलत नव्हत्या. या औषधाचं असंच आहे, धरलं तर चावतं अन् सोडलं तर पळतं.

"दवाखान्यात नेलं तर सोयऱ्यांच्या कानावर जाईल," काकू कुजबुजल्या. "लगीन मोडंल, ताई. ऊन लागलंय, सलाईन लावू घरीच."

"लग्न मोडलं तर दुसरं जमेल. पोरगी गेली तर कुठून आणाल?" मी ओरडलेच. रस्त्यावरची माणसं थांबली. "गाळा उद्या खाली करून घ्या. आत्ता रिक्षात बसा."

काकू बसल्या.

डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं, इंजेक्शनं दिली, आणि काकूंना असं काही झापलं की मलाच त्यांची दया आली. पोरगी वाचली. घरी सोडताना डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली: तीच गोळी, पण दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत, एकही दिवस न चुकवता, काही महिने. ती चिठ्ठी घेऊन मायलेकी माझ्या दुकानात आल्या. ज्या गोळ्या नाकारल्या म्हणून काकूंनी माझ्याशी अबोला धरला होता, त्याच मी कायदेशीर नोंद करून त्यांच्यासमोर पाकिटात भरल्या.

"सकाळी, खाल्ल्यावर. विसरायचं नाही. उलटी झाली तर लगेच माझ्याकडे यायचं," मी पोरीला समजावून सांगत होते.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मॅडम, या कमी होत गेल्या की माझा चेहरा परत पहिल्यासारखा होणार ना?"

"होणार. चांगलंच आहे ते."

"मग त्यांनी पसंत केली ती कोण?"

काकू म्हणाल्या, "गप बस, लग्न होईस्तोवर कुणाला काय कळतंय."

पोरीनं पाकीट उचललं. आवाज अजून अशक्त होता, पण डगमगत नव्हता. "आई, तारीख पुढं ढकल. गोळ्या संपल्या की त्यांना म्हणावं, पोरगी पुन्हा बघायला या. मी आहे तशी बसेन समोर. नाही आवडले, तर पोहे खाऊन जाऊ देत."

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी आता तरी पोरीला समजवावं म्हणून. मी पुढच्या आठवड्याचं पाकीट भरायला घेतलं.