डोंग्याची दुसरी टाकी

डोंग्याबद्दल, म्हणजे आमच्या मासेमारीच्या नावेबद्दल, मी लिहावं, हे जरा आगाऊपणाचंच आहे. आधीच माफी मागतो. बाबांची हयात वैनगंगेवर मासे धरण्यात गेली. मी घरातला पहिला कॉलेजात गेलेला. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

गोसीखुर्दचं धरण झालं, पाणी दूरवर पसरलं आणि डोंग्याला इंजिन आलं. मागच्या उन्हाळ्यात ते भर वाऱ्यात बंद पडलं. बुडालेल्या झाडांच्या खोडांवर डोंगा आदळत होता. बाबा दुपारभर वल्ही मारून कसेबसे काठाला लागले. डिझेलची जुनी टाकी गंजली होती, नवी घ्यायची ठरली. मी हट्ट धरला की दोन घ्या. एक दगा देऊ लागली की कॉक फिरवायचा, दुसरी सुरू.

बाबांना पटेना. नळ्या वाढणार, जोड वाढणार, गळती वाढणार. शिवाय एक रिकामी झाली की डोंगा कलणार. मी म्हटलं, मधोमध एकीमागे एक बसवू. तेव्हा ते म्हणाले, “दोन्हीत एकाच कॅनचं डिझेल भरीन ना मी? मंग जो कचरा पहिलीत, तोच दुसरीत. दुसरी कायले पायजे, बाबू? पूजा कराले?”

हे मला सुचलंच नव्हतं.

पण मी सोडलं नाही. कॅनच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत ओतून ठेवलं. काही वेळानं खाली बोटभर पाणी दिसलं. शांत असताना ते तळाशी राहतं. लाटांनी टाकी घुसळली की नळीत शिरतं. म्हणून इंजिन नेमकं वाऱ्यातच थांबतं. बाबांनी बाटली बराच वेळ उजेडात धरली. मग त्यांनीच ठरवलं: दोन टाक्या, दोन कॅन. दुसरीसाठीचं डिझेल कॅनमध्येच दोन दिवस निवळू द्यायचं, वरचं तेवढंच टाकीत भरायचं.

“अन् तिले रोज हात लावाचा नाही,” ते म्हणाले.

टाक्या बसल्या आणि मी हॉस्टेलवर परतलो. गेल्या आठवड्यात दुपारी जोराचा वारा सुटला. बाबांचा फोन लागेना. माझ्या शब्दावर विसंबून ते लांब गेले असतील का, हाच विचार प्रॅक्टिकलभर डोक्यात होता. दर थोड्या वेळानं फोन लावत राहिलो.

दिवेलागणीला आईचा फोन आला.

“तुये बाबा आले. इंजन मधातच थांबलं होतं. दुसऱ्या टाकीवर आले. आता आंघोळ करून राहिले.”