निळीचं बांडगूळ

अमरावतीच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, म्हणजे कुणी ऐकलं नाही तरी सांगत राहायची मला सवय आहे. पण सख्खा भाऊ ऐकत नाही, तेव्हा येणारा राग वेगळाच असतो.

चिखलदऱ्याच्या पठारावर, जंगल सुरू होतं तिथं, एक जुना रायवळ आंबा आहे. त्यावर बांडगुळाचा भला मोठा झुपका होता आणि त्या झुपक्यावर एक फुलपाखरू वाढायचं. पंख मिटून बसलं की राखाडी, मागे बारीक शेपट्या. उघडलं की असं निळं की बघणाऱ्याचं बोलणं थांबावं. मराठीत त्याला नाव असल्याचं मला ठाऊक नाही; मी तिला निळी म्हणते. खाली वऱ्हाडात ती मला कधीच दिसली नाही, वरही फक्त या झाडावर. तिची अळी बांडगुळाचीच पानं खाते, आंब्याच्या पानाला तोंड लावत नाही. हे मी दादाला झाडाखाली उभं करून, बोट दाखवून सांगितलं होतं. एकदा नव्हे, दरवर्षी.

दादाची अंजनगाव सुर्जीजवळ संत्र्याची बाग आहे. बांडगूळ दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. झाडाच्या जिवावर जगणारं फुकटखाऊ, छाटून टाकायचं, हे त्याच्या रक्तातच. लग्नाला गेला तरी मांडवामागचं झाड साफ करून येईल असा माणूस.

यंदा हिवाळ्यात आम्ही वर गेलो. गाडीतून उतरून मी मान वर केली, तर झुपका नाही. छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट, झाडाच्या जखमेवर लावायचं औषध, फासलेली, तीही निळी. त्या झाडावर निळं म्हणून तेवढंच उरलं होतं.

दादा खुशीत होता. "तुह्या फुलपाखराचं झाड मरून राहिलं होतं. माणसं घेऊन आलो अन् साफ केलं. आता काई होत नाई त्याले."

"बांडगूळ कुठाय?"

"बकऱ्याईनं खाल्लं. वाया नाई गेलं."

मी इतकी ओरडले की रस्त्यावरचा कणीसवाला वारा घालायचा थांबला. "अळ्या होत्या त्यात! घर पाडलंस आणि भिंतीला रंग दिलास!"

"काहून ओरडून राहिली वं? तुह्यासाठीच तर केलं."

हेच तर! मुद्दाम केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते. घाट उतरल्यावर परतवाड्याला त्याने चहा सांगितला, तो प्याले नाही. आमच्या घरात याहून मोठी शिवी नाही.

काही आठवड्यांनी तोच मला पुन्हा वर घेऊन गेला. झाडाखाली त्याने रुमाल सोडला. आत बांडगुळाची पिकलेली फळं, शेजाऱ्याच्या बांधावरच्या आंब्यावरून आणलेली. पक्षी ती फळं खाऊन चिकट बी फांदीला पुसतो, हेही मीच सांगितलं होतं. म्हणजे ऐकत होता तर! मग नेमकं तेवढंच कसं ऐकलं?

जन्मभर बांडगूळ तोडलेल्या हाताने त्याने खालच्या फांदीवर बी दाबून बसवलं.

"होईन ना वं आता?"

"बांडगूळ होईल," मी म्हटलं. "निळी कुठून आणशील?"

तो अंगठा फांदीवर तसाच दाबून उभा राहिला.