मागच्या रांगेतला चेहरा

अकोल्यात माझा फोटो स्टुडिओ होता, तेव्हाची, साठ सालानंतरची ही गोष्ट. आजवर मी ती कुणाला सांगितलेली नाही.

कौंडण्यपूरच्या जत्रेत मोर्शीकडच्या एका भजनी मंडळाला फोटो काढून हवा होता. दिवस मावळत आला होता. अशा वेळी बारीक कणांची फिल्म घालून, कॅमेरा स्टँडवर ठेवून, लोकांना हलू न देता शटर थोडं जास्त वेळ उघडं ठेवायचं असतं. पण एसटीत ओझं नको म्हणून स्टँड मी घरीच ठेवला होता. मग जाड कणांची फिल्म घातली. फिल्मवरचे चांदीचे कण जाड असले की थोड्या उजेडातही चित्र पकडतात, पण बारकावा गिळतात. छोट्या प्रतीत ते कुणाला कळत नाही.

पुढच्या वर्षी एक विधवा भावासोबत स्टुडिओत आली. त्या फोटोत मागच्या रांगेत टाळ घेऊन उभा असलेला तिचा नवरा तापाने गेला होता आणि सासरच्यांनी तिला माहेरी धाडलं होतं. त्याचा दुसरा फोटो नव्हता.

"तेवढा चेहरा मोठा करून द्या, भाऊ," ती म्हणाली.

निगेटिव्हवर तो चेहरा तुरीच्या दाण्याएवढा होता. मोठा केला तर डोळे, भुवया काहीच उरलं नाही. पीठ भुरभुरल्यासारखे नुसते ठिपके. जमत नाही असं सांगायला हवं होतं. मी ब्रश घेतला. टेबलावर एका कारकुनाचा फोटो पडला होता, त्याचे डोळे आणि भुवया पाहून रंगवल्या.

तिने बराच वेळ पाहिलं. "अशा नव्हत्या भुवया त्यायच्या. उजवीत खाच होती."

"काहून वाद घालून राहिली वो?" भाऊ म्हणाला. "कॅमेरा खोटं बोलते काय?"

आणि मी म्हणालो, "बाई, तुमी कधी मान वर करून पाह्यलं होतं काय त्यायच्याकडे?"

भाऊ हसला. घरच्यांसमोर सुनेने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहायचं नाही, अशीच तेव्हा रीत होती. म्हणूनच तो घाव बसला. तिने फोटो पदराखाली घेतला आणि ती गेली.

काही वर्षांनी मोर्शीच्या एसटी स्टँडवर तिनेच मला ओळखलं. "भाऊ, तुमचंच खरं होतं. आता मले तेच तोंड आठवते. खाच कुठून डोक्यात आली होती, देव जाणे."

बसला अवकाश होता. सांगता आलं असतं. मी तब्येतीची चौकशी केली.

आता माझ्या नातीच्या मोबाइलात फिल्म नाही, उजेड झेलणारे ठिपके आहेत. तिथेही तीच ओढाताण: ठिपके बारीक केले तर बारकावा वाढतो, पण एकेकाच्या वाट्याला उजेड कमी येतो. अंधारात दिसलं नाही ते मोबाइल अंदाजाने भरतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

ती बाई आता नाही. निगेटिव्ह माझ्याकडे आहे. निगेटिव्हवर काळं ते पांढरं दिसतं आणि उजळ ते काळं. भिंगाखाली उजव्या भुवईच्या जागी, पांढऱ्यात एक काळा ठिपका दिसतो. ती खाच असेल, किंवा फिल्मचा नुसता एक कण.